पोटातलं शिसं

११ नोव्हेंबर

कीड लागलीय! मागच्या खोलीतला खोका आज उघडला. ह्यांनी आजारी पडायच्या आधी तासून ठेवलेल्या लाकडी मासोळ्या – खऱ्या माशाला फसवायला गळाला लावायच्या – तशाच कोऱ्या पडल्यात. आणि प्रत्येकीच्या पोटाला भोक! गोल, सुबक. एकीलाही सोडलं नाही मेल्या भुंग्यानं. किडीलासुद्धा पोटच आवडतं म्हणायचं.

ह्यांना एक नेऊन दाखवली. म्हणाले, "नाही."

आता तेवढा एकच शब्द उरलाय ह्यांच्याकडे. झटका आला त्यात उजवा हात गेला, पाय गेला, आणि बाकीचे सगळे शब्द गेले. चहा आणू? नाही. आणला की पितात. पंखा लावू? नाही. पंखा बंद करू? नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं – तो शब्द आपोआप येतो, मनावर घेऊ नका. आम्ही नाही घेत. मुलगा तर हसून म्हणतो, "बाबांचं नाही म्हणजे हो."

महिनाअखेरीला तो आम्हाला त्याच्याकडे कायमचं न्यायला येणार आहे. हे घर जाणार. आठव्या मजल्यावर कुठलं तळं नि कुठला गळ! म्हणून मनात घेतलंय – त्याआधी ह्या मासोळ्या मी पुऱ्या करायच्या, आणि ह्यांना एकदा तळ्यावर न्यायचं. स्वतःच्या हातची मासोळी पाण्यात पोहताना बघू देत एकदा.

मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही. जन्मभर त्या खोलीत मला पाऊल टाकू दिलं नाही. "धूळ उडवशील," म्हणायचे.

१२ नोव्हेंबर

भोकं बुजवली. दारं-खिडक्यांना लावतात ती लांबी उरली होती डब्यात, तीच बोटानं दाबून भरली. सुकल्यावर पॉलिशपेपरनं घासली. आता हात फिरवला तरी कळत नाही कुठे होतं ते.

ह्यांची चाकाची खुर्ची दारात लावली होती. म्हटलं, बघत बसतील. तर सारखं आपलं "नाही, नाही, नाही!" शेवटी मीच म्हणाले, "अहो, किती तो आशीर्वाद द्याल! पुरे आता." डावा हात आपटत होते खुर्चीवर. थकले असतील म्हणून आत नेऊन निजवलं.

१४ नोव्हेंबर

दाढीवाले भाऊजी आले होते – ह्यांचे गळाचे जोडीदार. दारातूनच, "वहिनी, दुकान टाकलंत की काय?"

त्यांना रंगाचं विचारलं. म्हणाले, "रंग नंतर. आधी लाकडाची तहान भागवा. कुठे सुईएवढी जागा उघडी राहिली, तर तिथून पाणी आत शिरतं, लाकूड फुगतं, आणि रंगाचे पोपडे निघतात." बाकी तेही माझ्यासारखेच. ते फक्त मासे पकडत, मासोळ्या करणारे हेच. "आम्हाला तो आयती हातात द्यायचा हो," म्हणाले, आणि मग बराच वेळ दाढीच कुरवाळत बसले.

संध्याकाळी बरणीत लाकडाची छिद्रं बुजवणारा पातळ सीलर ओतला आणि एकेक मासोळी तारेनं बुडवून धरली. काय सांगू! अंगभर बारीक बारीक बुडबुडे. जणू आत इतके दिवस धरून ठेवलेला श्वास सोडतेय. बुडबुडे थांबले की समजायचं, पोट भरलं. दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांना टांगल्या. माझा परकर, ह्यांचा बनियन, आणि मध्ये मासोळ्या!

१५ नोव्हेंबर

सीलरचा दुसरा हात. वासानं डोकं उठलंय.

१७ नोव्हेंबर, रविवार

मुलगा आला होता. घर घेणारे नवरा-बायको बरोबर. बाई स्वयंपाकघरात उभी राहून नवऱ्याला सांगत होती, ही भिंत पाडू. मी गॅसजवळ उभी. चहा उतू गेला.

ते गेल्यावर मुलानं ह्यांची दाढी केली. मायेनं करतो, टॉवेल गरम करून वगैरे. आणि मिशाही काढल्या! दूध अडकतं त्यात, म्हणाला. हे "नाही, नाही" करत मान फिरवत होते. तो म्हणाला, "बाबा, नवरदेव दिसताय! हलू नका, कापेल." आम्ही दोघंही हसलो.

लग्नाच्या आधीपासूनच्या मिशा त्या. ह्यांचा वरचा ओठ मी आज पहिल्यांदा बघितला. लहान मुलासारखा दिसतो.

२० नोव्हेंबर

रंगाचे दिवस. पोट पांढरं, पाठ हिरवट काळी. खवले कसे काढायचे ह्यावर दोन दिवस डोकं खाजवलं, मग जुन्या मच्छरदाणीचा तुकडा सापडला ह्यांच्याच खोक्यात, रंगानं कडक झालेला. हां! म्हणजे असं होय! तो मासोळीवर ताणून बसवला, वरून स्पंजनं चंदेरी रंग टिपला, आणि जाळी उचलली. खवलेच खवले! एकटीच टाळ्या पिटत होते.

जेवढ्या लवकर खुश झाले तेवढ्याच लवकर तोंडघशी पडले. सकाळी हवा दमट, आणि मी घाईनं व्हार्निश मारलं. वर दुधासारखं धुकं धरलं. सगळ्या पुन्हा घासल्या. दुपारच्या उन्हात, थांबून, पातळ हात दिला. घाईच्या माणसानं व्हार्निशच्या वाटेला जाऊ नये.

२२ नोव्हेंबर

डोळे. खिळ्याचं डोकं पिवळ्या रंगात बुडवून टेकवायचं, सुकलं की मध्ये बारीक खिळ्यानं काळा ठिपका. एक तिरळी झाली. ह्यांना दाखवून मी म्हणाले, "ही तुमच्या मामेबहिणीवर गेली." तोंडाचा डावा कोपरा हलला. हसलेच ते!

पुढे पाणी कापायला पत्र्याची जीभ, खाली गळ. सगळं स्क्रूनं घट्ट. झाल्या की हो तयार!

२३ नोव्हेंबर

लिहवत नाही, पण लिहिते.

धुण्याचा टब अंगणात आणला. हे नेहमी त्यातच मासोळी सोडून बघायचे, आणि मी ओरडायची, धुणं कुठे भिजवू म्हणून. ह्यांची खुर्ची टबाला लावली. पहिली मासोळी सोडली.

कलंडली.

आडवी पडून तरंगत राहिली, पोट वर, मेलेल्या माशासारखी. दुसरी सोडली. तीही. सगळ्या. टबभर माझे रंगवलेले मेलेले मासे.

ह्यांनी डावा हात पाण्यात घातला. एक मासोळी धरली, उलटी केली, आणि अंगठा तिच्या पोटावर ठेवला. बरोबर तिथेच, जिथे मी भोक बुजवलं होतं. दाबत राहिले. माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "नाही."

मी उठून मागच्या खोलीत गेले. खोका उलटा केला. तळाशी चिंधीत बांधलेल्या शिशाच्या गोळ्या. त्या भोकात नेमक्या बसतील अशा.

कीड कसली, शिशाची जागा होती ती. पोटात वजन असलं तरच मासोळी सरळ राहते. हे दारात बसून पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते, आणि मी आशीर्वाद म्हणाले.

टबाजवळ परत आले तर हे रडत होते. मीही बसले खाली, फरशीवर. रडताना एकच गोष्ट डोक्यात – मिशा! मिशांनाही नाही म्हणाले होते.

२४ नोव्हेंबर

गिरमिट घेतलं. आपणच चकचकीत केलेल्या पोटाला आपणच भोक पाडायचं! पण हे शेजारी होते. मी मासोळी धरायची, हे डाव्या हातानं शिसं बसवायचे. गोळी दोनदा घरंगळली. आपल्या हातानं बसवली की तोंडावर जो भाव येई! टबात सोडायची. "नाही." थोडं शिसं तासायचं. "नाही." पुन्हा तासायचं. "नाही." आणि मग एकदा हे काही बोललेच नाहीत. बघितलं तर मासोळी सरळ उभी, पाठ वर, शेपूट किंचित खाली.

गप्प बसणं म्हणजे हो. एवढं साधं! झटक्यानंतर इतके महिने एका घरात राहून माझ्या लक्षात आलं नाही.

२५ नोव्हेंबर

आज दिवसभर मी विचारत होते. साखर कमी करू चहात? गप्प! आजारी म्हणून मी दोन चमचे जास्त घालत होते, आणि हे मुकाट गिळत होते. खिडकीकडे तोंड करून निजायचं? गप्प. रेडिओ? "नाही."

सगळेच 'नाही' खरे नसतात. काही खरंच आपोआप येतात, तेव्हा नजर भलतीकडे असते. खरं असतं तेव्हा माझ्याकडे बघतात. मलाच ओळखायला शिकायचंय.

मग खुर्ची समोर ओढून बसले आणि विचारलं, "मुलाकडे जायचं का राहायला?"

माझ्याकडे बघितलं. "नाही."

"इथंच राहायचं?"

गप्प. किती वेळ गप्प.

२६ नोव्हेंबर

मुलाला फोन केला.

"आई, डॉक्टरांनी काय सांगितलंय? तो शब्द आपोआप येतो."

"हा नाही आला आपोआप."

"मी त्या लोकांना शब्द दिलाय घराचा!"

"दिलास. ह्यांना विचारलं होतंस?"

"विचारलं होतं की! तुझ्यासमोर!"

खरंच विचारलं होतं. हे नाही म्हणाले होते, आणि आम्ही हसलो होतो. मग तो बारीक आवाजात म्हणाला, "तुला काही झालं तर कोण आहे तिथे? मी परका आहे का गं?"

वाईट मुलगा नाही तो. वाईट असता तर सोपं गेलं असतं. मी म्हणाले, "हे आहेत तोवर नको. पुढचं पुढे." शेवटी "बरं" म्हणाला, आणि फोन ठेवला.

ह्यांना सांगितलं. डाव्या हातानं माझं मनगट धरलं, चहा निवेपर्यंत सोडलं नाही.

२८ नोव्हेंबर

तळ्यावर गेलो! शिशावरची लांबी नि व्हार्निश कालच सुकलं. दाढीवाल्या भाऊजींनी खुर्ची गाडीत चढवताना, "जाड झालास रे, वहिनींनी पोटात शिसं भरलंय वाटतं!" हे हसले.

भाऊजींनी तिरळी निवडली. दूर फेकली, आणि काठी ह्यांच्या डाव्या हातात दिली. दोरी मी गुंडाळत होते. पाणी स्वच्छ होतं. जवळ आली तशी दिसली – सरळ, पाठ वर, डावी-उजवीकडे अंग झोकत, अगदी जिवंत! मासा काही लागला नाही. ह्यांना त्याचं काही नव्हतं. पुन्हा फेकायला लावायचे, पुन्हा बघायचे.

वारा सुटला. भाऊजी म्हणाले, "चला, घरी?"

"नाही."

माझ्याकडे बघून म्हणाले. मी शाल काढून ह्यांच्या गुडघ्यांवर टाकली, आणि आम्ही थांबलो.

३० नोव्हेंबर

मिशांची खुंटं आलीत. हाताला टोचतात. आरशात दाखवल्या. गप्प!

४ डिसेंबर

परवा सकाळी हे गेले. चहा पिता पिता, कमी साखरेचा. मिशा पुरत्या आल्या नव्हत्या.

आज सगळे पांगल्यावर मुलगा माझ्या पायाशी येऊन बसला. म्हणाला, "आई, आता तरी चल. तू म्हणाली होतीस, पुढचं पुढे."

मी त्याच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "नाही."

तो हसला नाही.