आईचं फोल्डर

३ जून
आलो एकदाचे! नवं गाव, नवी नोकरी आणि ऑफिसच्याच वरच्या मजल्यावर राहायला घर. आईने आल्या आल्या खिडक्या उघडल्या आणि माझ्याआधी शेजारणींशी ओळखी करून घेतल्या. कंपनी घरं भाड्याने देते. त्या घरांचे फोटो क्लाउडवर नुसते कोंबून ठेवलेत. ते मी फोल्डरांत लावायचे: इमारत, तिच्यात मजले, मजल्यावर घरं, घरात खोल्या. आई हसत सुटली. म्हणे, स्वतःचं कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळतात, आणि हिला पगार आवरण्याचा! रोजनिशी फोनवर लिहितेय, कारण वही मी हरवणार हेही तिचंच भाकीत.

५ जून
मॅनेजर जरा घुमे आहेत, पण माणूस बरा. त्यांनी एकच बजावलं: घरातलं काही घराच्या फोल्डरबाहेर न्यायचं नाही. बाहेर सहज जातं, परत आत आणायची परवानगी मात्र वरच्यांकडे असते. मी मान डोलावली. काम मला भलतंच आवडलंय. बाणावर टिचकी मारली की मजला उघडतो, मग घर, मग खोली. लोकांच्या घरात डोकावल्याचं समाधान, तेही पगार घेऊन.

९ जून
आज आमच्या इमारतीची पाळी. आमचं घरही सापडलं. आमच्या निळ्या स्टुलाचा फोटो स्वयंपाकघरात होता. स्टूल तर बाहेरच्या खोलीत असतं, म्हणून फोटो तिकडे टाकला. तेवढ्यात वरून धप्पकन आवाज. आई स्टुलावर चढून फळीवरचा डबा काढत होती, ती खाली. कोपर सुजलंय. पायाखालून स्टूल गेलं म्हणते. स्टूल बाहेरच्या खोलीत उभं होतं. वय झालं, असं मी म्हटलं तर चिडली.

१० जून
राहवलं नाही. फोटो परत स्वयंपाकघरात टाकला आणि धावत वर गेले. स्टूल स्वयंपाकघरात.

खाली येऊन आमच्या घराचं फोल्डर पुन्हा चाळलं. आईच्या खोलीच्या फोल्डरात आणखी एक फोल्डर आहे: ‘आई’. ती केस विंचरताना, ती झोपलेली. एका फोटोत कोपराला पट्टी आहे. ती मी आज सकाळी बांधली. तेव्हापासून घरात कोणीही आलेलं नाही.

११ जून
त्या फोल्डरला कोणाचा हात चुकून लागला तर? तिचे फोटो आपल्याजवळ असावेत म्हणून ते फोल्डर ओढून ‘माझे’ या माझ्या खाजगी फोल्डरमध्ये टाकलं. नक्कल करायची होती. ओढलं की नक्कल होत नाही, वस्तूच हलते. रोज तेच करते मी! रोज!

वर चहा वाफाळतोय. चपला पलंगाशी. आई नाही.

परत ओढतेय. परवानगी नाही. परवानगी नाही.

११ जून, संध्याकाळ
‘माझे’मध्ये नवे फोटो येताहेत. आई उभी आहे. मागे भिंत नाही, खाली जमीन नाही, नुसतं पांढरं. पुढच्या फोटोत ती मागे वळून बघतेय. त्याच्या पुढच्यात पळतेय. माझी आई, जिचे गुडघे दुखतात.

१२ जून
मॅनेजरांनी कपाळावर हात मारला. वरच्यांना कळवलंय, ते तिला घरी आणतील, तोवर कशालाही हात लावू नका म्हणाले. थांबा म्हणाले. कसं थांबू? नव्या फोटोत ती तोंड झाकून बसलीय.

माझ्या खोलीतही फोल्डर आहे, माझ्या नावाचं. बाहेर जाता तर येतं. ती एकटी आहे तिथे. मी ओढतेय —

१२ जून
पांढरं. आवाज घुमत नाही. आई आई म्हणून ओरडले. इथे नाही ती. फोन चालतोय —

तिचाच संदेश. घरी आहे! मॅनेजरांनी तिला सांगितलं, वरच्यांनी आत्ताच तिला परत ठेवलं. विचारतेय, तू कुठे गेलीस गं —

माझ्या मागून काहीतरी चालत येतंय.

आईचा आणखी एक संदेश. ऑफिसात माझ्या टेबलाशी बसलीय ती. पडद्यावर मी दिसतेय तिला. म्हणते, घाबरू नकोस, मीच येते तिकडे, ओढायचं कसं ते कळलंय मला —

नको. आई, तिथेच थांब. संदेश जात नाहीये. येऊ नकोस, मी आहे ठीक, तू नको —

जवळ आलं. अगदी जवळ. नको येऊस आई, नको — आई — आई, ये ना —