नदीकाठची तुटक रेघ

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१५
आजपासून धावणे. वेळ पहाटे पाच. डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बघून मान हलवली तेव्हाच ठरवले होते. बायको वर्षभर धावणाऱ्यांच्या मंडळात जाते. चला माझ्याबरोबर, म्हणाली. पण माझी झोपमोड नको म्हणून गजर तिनेच वाजायच्या आधी बंद केला. यात माझा काय दोष. उद्यापासून गजर माझ्या उशाशी.

४ मार्च, मंगळवार
गजर उशाशी होता. वाजला. बंद केला.

५ मार्च, बुधवार. सकाळी ८
धावलो. वस्ती संपल्यावर शेतातून जाणारा रस्ता. शांत, हिरवागार वगैरे. लोक या शांततेचे एवढे कौतुक का करतात देव जाणे. पाचव्या मिनिटाला कोळ्याचे जाळे थेट तोंडात. थुंकलो, ते शर्टावर. पुढे शेण. ते चुकवताना दुसरे शेण, जास्त ताजे. एक चिलट नाकात गेले ते बाहेर आलेच नाही. बायको पुढे जाऊन परत आली आणि विचारते, किती छान वाटतं ना. मी हो म्हणालो, तोंड मिटून.

८ मार्च, शनिवार
मंडळाची मीटिंग. सेक्रेटरी म्हणजे रिटायर झालेले पी.टी.चे सर. गळ्यात शिट्टी अजून आहे. आसपासच्या बारा धावमार्गांची पुस्तिका काढायची, एका पानावर एक मार्ग. ज्याने लिहायचे त्याने आधी धावायचे. प्रत्येक पानाखाली छापील वाक्य: ‘हा मार्ग मी स्वतः धावून पाहिला आहे.’ त्याखाली सही. सर म्हणाले, या वाक्याशिवाय पुस्तिकेला काही किंमत नाही.

सातवा मार्ग कोणी घेईना. शेत, मग जंगल, मग नदीकाठ. बायकोने माझे नाव सुचवले. म्हणाली, हे अठ्ठावीस वर्षं नकाशा शाखेत आहेत, यांच्याइतके रस्ते कोणाला माहीत. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, एकच मार्ग? ठीक आहे.

९ मार्च, रविवार. सकाळी ९.३०
मार्ग सात पिठाच्या गिरणीपासून सुरू होतो. तिथपर्यंत स्कूटरने गेलो, शक्ती राखून ठेवण्यासाठी. बायको मंडळाबरोबर दुसरीकडे गेली होती. गुरांच्या पाण्याच्या टाकीपर्यंत उत्तम धावलो. टाकीभोवती चिखल. त्याला चिखल म्हणणे म्हणजे त्याचा मान वाढवणे. पाय घोट्यापर्यंत आत. मोजा ओला, आतून कोमट. कोमट का, याचा विचार करायचा नाही असे ठरवले.

परत फिरलो. गिरणीवाला म्हणाला, साहेब, एवढ्यात आलात? जगात माणसे आपापली कामे का करत नाहीत.

११ मार्च, मंगळवार. ऑफिस, दुपारी ३
कपाटातून त्या भागाचा जुना नकाशा काढला. अठ्ठावीस वर्षे नकाशे गिरवलेल्या माणसाने चिखलात उतरायचे हा शुद्ध अडाणीपणा आहे. जंगलाच्या कडेपासून नदीच्या वळणापर्यंत पायवाटेची तुटक रेघ स्वच्छ दिसते. वाटेवर दोरा ठेवून मोजला. साडेआठ किलोमीटर. मंडळातले लोक यासाठी मनगटावर घड्याळे बांधून फिरतात.

मजकूर एका बैठकीत झाला: ‘जंगल संपताच नदीची मऊ पायवाट पायांना बिलगते. इथे वेग आपोआप वाढतो.’ वाचून माझाच वेग वाढल्यासारखा वाटला. सही केली. मनाने तर मी धावलोच आहे. मन हा शरीराचाच भाग आहे, हे डॉक्टरही मान्य करतील.

१३ मार्च, गुरुवार
बायकोने पान तीनदा वाचले. मग भावाला फोन करून वाचून दाखवले. मेहुणा मला म्हणाला, दाजी, मानलं तुम्हाला. चोवीस वर्षांत या माणसाने मला काहीही मानलेले नाही.

बायको म्हणाली, एवढं धावलात आणि मला बोललासुद्धा नाहीत. तिचे डोळे भरून आले होते. डॉक्टरांकडून आल्यापासून तिला माझी काळजी वाटत होती म्हणे, आता जरा धीर आला. रविवारी मंडळातल्या सात जणींना घेऊन ती मार्ग सातवर जाणार आहे.

१४ मार्च, शुक्रवार. ऑफिस
नकाशा कपाटात परत ठेवताना कोपऱ्यात गिरवणाऱ्याची आद्याक्षरे दिसली. माझीच.

मग सगळे आठवले. सव्वीस वर्षांपूर्वी याच टेबलावर पेनातून शाईचे तीन थेंब नदीकाठी पडले होते. खरवडले तर कागद फाटला असता आणि हेड ड्राफ्ट्समनने मला फाडले असते. म्हणून थेंबांच्या पुढेमागे आणखी रेघा ओढून त्यांची पायवाट केली. तपासनिसाने शाबासकी दिली होती.

दरदरून घाम आला. मग शांतपणे विचार केला. नकाशा सरकारी आहे. सव्वीस वर्षांत तो बघून कितीतरी लोक तिथून गेले असतील. इतके लोक गेले म्हणजे एव्हाना वाट पडलीच असणार.

१५ मार्च, शनिवार. सकाळचा चहा
सांगायचे ठरवले. पहिला कप संपल्यावर. दुसरा संपल्यावर. ती बुटांना नवीन नाड्या ओवत होती. म्हणालो, तिथे थोडा चिखल असेल. ती म्हणाली, असू दे की, तुम्ही गेलात ना त्यातून.

तिसरा कप घेतला. ॲसिडिटी.

१६ मार्च, रविवार
साडेपाचला निघाल्या. आठपर्यंत यायला हव्या होत्या.
८.००. नाही.
९.००. नाही. तिथे फोन लागत नाही.
९.४०. स्कूटर काढली. कुठे जायचे ते कळेना. वाट मलाच माहीत नाही. स्कूटर आत लावली.
१०.२०. आली. हातांवर काट्यांचे ओरखडे, गुडघ्यापर्यंत काळा चिखल, एका पायात बूट नाही. बरोबरच्या सात जणींतल्या पार्लरवाल्या बाईच्या मानेवर जळू चिकटली होती म्हणे. नदीकाठी वाटच सापडली नाही, दलदलीत दोन तास गेले.

मी खुर्चीत बसून होतो. ती म्हणाली, वळण आमचंच चुकलं असणार. मग आंघोळीला गेली. मोरीतून पाण्याबरोबर चिखल वाहत आला. त्याला नदीचा कुजका वास होता. तो मी पुसून काढला. त्याचे श्रेय कोणी देणार नाही.

१९ मार्च, बुधवार
मीटिंग. पार्लरवाली मान दाखवत सगळीकडे फिरली. एकजण म्हणाला, लिहिणारा तिथे गेला तरी होता का? तेव्हा बायको उभी राहिली. म्हणाली, माझा नवरा आळशी असेल, पण खोटी सही करणार नाही.

मला स्वतःची किळस आली. थोड्या वेळाने खुर्चीचीही आली, तिच्या बुडाला कोणीतरी च्युइंगम लावून ठेवले होते.

सर म्हणाले, प्रश्नच मिटवू, रविवारी लेखक धावून दाखवतील, मी आणि वहिनी बरोबर येऊ. मी म्हणालो, केव्हाही.

२२ मार्च, शनिवार
डावा गुडघा धरला आहे. बायकोने तेल चोळून दिले. दुपारी मला लंगडताना बघून तिने विचारले, सकाळी डावा होता ना?

२३ मार्च, रविवार. सकाळी १०
गिरणीपासून सुरुवात. सरांनी शिट्टी वाजवली. बायको माझ्या शेजारी, माझ्या वेगाने. हळू, हळू, अजून खूप अंतर आहे, असे सांगत होती. टाकी ओलांडली. त्यापुढे एका बांधावर दगड आहे. तिथे डोळ्यांपुढे अंधारी आली. बसलो. तोंडात पुन्हा जाळे.

ती पाण्याची बाटली उघडत म्हणाली, पाच मिनिटं बसा, मग तुमची ती नदीची वाट दाखवा. मला वाट दाखवा म्हणणारे आयुष्यात दुसरे कोणी नाही. मी सांगून टाकले. थेंब, रेघा, दोरा, सही, सगळे.

तिने बाटलीचे झाकण लावले. सरांनी चाकाच्या मोजपट्टीने गिरणीपर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहिले. ती एकटीच जंगलाच्या दिशेने धावत गेली आणि दुसऱ्या रस्त्याने घरी आली. मी स्कूटरने.

३० मार्च, रविवार
घरात बोलणे चालू आहे. गॅस बंद केलाय. दूधवाला येऊन गेला. कडी लावा. इतपत.

६ एप्रिल, रविवार. सकाळी ९
पुस्तिका आली. पान कोरे सोडता येत नव्हते आणि छापील वाक्य खोटे ठेवायला सर तयार नव्हते. चहाच्या वेळी बायकोने पान सात मोठ्याने वाचले. ‘पिठाच्या गिरणीपासून बांधावरच्या दगडापर्यंत. अंतर सहाशे दहा मीटर. पुढे वाट नाही. हा मार्ग मी स्वतः धावून पाहिला आहे.’ खाली माझी सही.

मी म्हणालो, वरचे दहा मीटरही धरलेत, सर हिशेबाला चोख. शिवाय नवशिक्यांना असा मार्ग हवाच होता. तिने पुस्तिका मिटली. म्हणाली, एवढं तरी खरं आहे.

उद्यापासून रोज पाच वाजता, अगदी नक्की, असे मी तिला सांगितले आणि बूट शोधायला गेलो. सापडले नाहीत. विचारल्यावर कळले, गेल्या सोमवारी तिने ते भावाला दिले. त्याला अगदी मापात बसले. आज दोघे मिळून आठ किलोमीटर धावून आले.