एक्क्याण्णव मूळ नाही

मंगळवार, दिवेलागण

आज फळ्यापुढं ठणकावून सांगितलं, एक्क्याण्णव मूळ संख्या आहे. वर्ग हसला. सर म्हणाले, "उद्या परत तूच उठायचं." एक्क्याण्णव! उद्या दुसरीच संख्या दिली तर?

कुपवाडच्या गियरच्या कारखान्यातून आलेल्या आण्णांना सांगितलं. ते हात धुता धुता म्हणाले, "तेरा साती एक्क्याण्णव. तेरा दात्यांच्या गियरला एक्क्याण्णवचं चाक आमी लावत न्हाई. त्येच दाते परत परत भिडत्यात, लवकर झिजत्यात."

म्हणजे सामाईक विभाजक नको! वर्गात हेच चाललंय.

"आण्णा, हे कुठं शिकलासा?"

"एक चाक वाया घालवून. लय बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मशीनवर हात थरथरत हुते."

माझे आत्ताच थरथरतायत. अक्षरावरून दिसतंयच.