पोचा आलेली बाजू

आई, काल फुलपाड्यातल्या माझ्या ऑफिसात एक हार्डवेअरवाला आला होता. जीएसटीच्या रिटर्नमध्ये त्याची थोडी विक्री दाखवायची राहून गेली होती. पैसे भरायला तो तयार होता, अगदी व्याजासकट. फक्त म्हणाला, "मॅडम, गपचूप भरून टाका ना. चूक झाली म्हणून कशाला लिहायचं? पैसे मिळाल्याशी मतलब." मी त्याला चहा पाजला आणि मग नको तेवढं बोलले. बिचारा कप अर्धा ठेवून गेला. तो गेल्यावर ध्यानात आलं, की बोललेल्यातलं निम्मं तुझं होतं.

गावची भांडी तुझ्याकडे होती, त्या वर्षांचं मला बोलायचंय. सत्तरच्या दशकाचा शेवट असेल, मी नुकतीच कॉमर्सला गेले होते. लग्नकार्याचे मोठे टोप, पराती, झारे, सगळं गावाच्या मालकीचं. ज्याच्या घरी कार्य तो भाडं भरून नेणार आणि त्या भाड्यातून गावातल्या गरिबाघरच्या मुलीचं लग्न निघणार. ती ठेवायच्या कोठीची किल्ली तोवर पुरुषांकडेच असायची. तुझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा बाईमाणसाला हे झेपेल का म्हणून चर्चच्या पायरीवर किती चर्चा! तू ती किल्ली घरातल्या देवाच्या आल्ताराशेजारी खिळ्याला टांगलीस. वाडीत पाणी लावताना, केळी कापताना तू कुणाची तरी सून होतीस, कुणाची तरी बायको होतीस. त्या किल्लीपुरती मात्र तुझी तू होतीस, आणि ते तुझ्या चालण्यातही दिसायचं.

गावच्या सणानंतरच्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की सगळी भांडी आवारात उन्हात मांडायची, हा आपला रिवाज. फादरांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळे त्यांतून फिरणार. आधीचे कोठीवाले पोचा आलेली बाजू जमिनीकडे करून मांडायचे. तू आलीस आणि प्रत्येक भांड्याची पोचा आलेली बाजू वर केलीस. मी तुझ्याबरोबर वाकून वाकून टोप फिरवते आहे, तांबं उन्हानं तापलंय, बोटं भाजताहेत, आणि मी चिडून म्हणते आहे, "अगं, तुझ्याकडे यादी आहे ना? फादरांना दिली की झालं." तू पदरानं मान पुसत म्हणतेस, "पोरी, आपन कोन साधू हाय? लोक बगतात म्हनून हात सरल रेतो." मला ते तेव्हा फार अडाणी वाटलं होतं. स्वतःच्या आईनं स्वतःवर इतका कमी विश्वास ठेवावा, याची लाजच वाटली होती.

मग दादाचं लग्न आलं. सगळ्यांत मोठा टोप चुलीवरून उतरवताना काकांच्या हातून सुटला, ओट्याच्या दगडावर आपटला आणि बुडाला चीर गेली. पाहुणे जेवत होते, कुणाला कळलंही नाही. रात्री बाबांनी साधी सरळ गोष्ट सांगितली. उद्या बाजारात तांबटाकडे न्यायचा, ठिगळ बसवायचं, कल्हई करायची, वर नव्यासारखा चकचकीत. "गावाचं काय नुसकान झालं, सांग मना," ते म्हणाले. मला त्यांचंच पटत होतं. खरं सांगायचं तर आजही त्यांच्या बोलण्यात खोट काढायला मला जरा वेळ लागतो. गावाला टोप मिळणार, खर्च आपण सोसणार, मग अडलंय कुठे? तू उष्टी पानं गोळा करत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "भरून दिलं म्हंजे सांगून झालं नाय."

ठिगळ तू बसवलंस, आपल्याच पैशानं. आणि सणानंतरच्या रविवारी तो टोप सगळ्यांच्या पुढे, बूड वर करून ठेवलास. कुणी विचारायच्या आधी सांगितलंस, "आमच्या घरी फुटला. आमच्या हातानं." मग एक म्हातारबुवा हसले, "कोठीवालीच्याच घरात भांडं फुटतंय, तर दुसऱ्यांना कोन बोलनार?" लोक हसले. त्या हसण्यातच किल्ली गेली. तू ती कमरेची सोडून तिथंच देऊन टाकलीस आणि भांडी उचलू लागलीस. घरी आल्यावर त्या रिकाम्या खिळ्याला तू रोजरीची माळ अडकवलीस. मला तुझा राग आला होता, आई. हातचं घालवून बसलीस म्हणून चार दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. तू मात्र पुढच्या वर्षीही आवारात गेलीस आणि नव्या कोठीवाल्यानं चकचकीत करून मांडलेली भांडी एकेक करून उलटी करून बघितलीस. त्याला घाम फुटला होता. तेव्हा मात्र मला हसू आवरेना.

तू गेलीस आणि तुझ्या वर्षाच्या मिस्सेनंतरच्या जेवणाला तोच टोप आपल्या अंगणात आला. ठिगळावरून हात फिरवला आणि मी रडले. संध्याकाळी घासताना त्याची कडी निखळून माझ्या हातात आली. दुसऱ्या दिवशी टोप परत नेला तो निखळलेली बाजू पुढे धरून. कोठीपाशी चारचौघं होते, त्यांच्यासमोर सांगितलं, आमच्याकडे तुटली. कुणीतरी म्हणालं, आईची पोर शोभतेस. ही गोष्ट मी नंतर पुष्कळांना सांगितली. नव्या पोरांना ऑडिट शिकवताना सांगते, कालही त्या हार्डवेअरवाल्याला सांगितली, आणि दर वेळी मी तिच्यात जरा जास्तच चांगली दिसते.

एक भाग मात्र मी कुणालाच सांगत नाही. कडी निखळली तेव्हा कोठीवाल्याची सून आपल्या कुंपणापाशी उभी होती. तिनं पाहिलं होतं. आणि ती तिथं नसती, तर मी तो टोप कुठल्या बाजूनं धरून नेला असता, ते मला अजून माहीत नाही.