पहिली फेरी मिस्त्रीची

शनिवार, ९ नोव्हेंबर

माझ्या दोन्ही लाडक्या भावांनो,

सप्रेम सलाम. घरी सर्व ठीक. बाबांची भूक बरी आहे, जिभेची धार त्याहून बरी.

तुम्हा दोघांची माझ्यावर एकच तक्रार आहे, ती फोनवर आळीपाळीनं ऐकली: "आईच्या अंत्यविधीला ताई स्वर्गावर इतकी रंगून बोलली, की बाबांनी तिथलं तिकीटच काढलं." डॉक्टर हृदयाचं ऑपरेशन सांगतात आणि बाबा म्हणतात, "कशाला? तुमची आई वाट बघतेय." फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

हो, बोलले. एक शब्दही मागे घेणार नाही! थडग्यापाशी उभं राहून पुटपुटणारा उपदेशक मला मान्यच नाही. आपलं घर वर आहे, आई तिथे आहे, प्रभू स्वतः तिथे डोळे पुसतो. हे मी उद्याही याच आवाजात सांगेन. पण तोवर इथे काय करायचं, ते बोलायचं राहिलं. ते बाबांनी सांगितलं.

आपल्या इमारतीची लिफ्ट कित्येक महिने बंद होती. सहाव्या मजल्यावरच्या, सदा स्तोत्रं गाणाऱ्या आपल्या गाणंबाई चाकांच्या खुर्चीसकट घरात अडकलेल्या. मंगळवारी दवाखान्यातून येताना बाबा त्यांच्या दाराशी दम घ्यायला टेकले.

"काय मिस्त्री, वर जायची घाई झालीय म्हणे?"

"बोलावणं आलं की निघालो, बाई."

"खुशाल जा. पण जन्मभर लिफ्टच दुरुस्त केल्यात ना? मग आधी मला खाली सोडा!"

बाबा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

घरी येताच पलंगाखालची हत्यारांची पेटी मला ओढायला लावली. इमारतीच्या मालकानं आनंदानं परवानगी दिली. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत बाबा खुर्चीत बसून सांगायचे आणि मी करायची.

"बाबा, मला वाटतं—"

"तू काही वाटून घेऊ नकोस. बॅटरी सरळ धर."

भरल्या सभेला गप्प बसवणारी तुमची ताई तीन दिवस ग्रीस पुसत गप्प बसली. हसा पोटभर.

काल लिफ्ट हलली. मी आत पाय टाकणार, तोच त्यांनी माझा दंड धरला. "थांब. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी मिस्त्रीची. दोर पेलतो की नाही ते आधी स्वतःच्या जिवावर बघायचं, मग दुसऱ्याला आत घ्यायचं." आणि जाळीचं दार ओढून एकटेच खाली गेले.

मी वरती ती घरघर ऐकत उभी. तोंडून काय निघालं, सांगू? "प्रभू, इतक्यात नको." स्वर्गावर गरजणारी मी, आणि मला बाबा इथेच हवेत. पत्र सुरू केल्यापासून हेच लिहायचं टाळत होते.

घरघर परत वर आली. दार उघडून बाबा म्हणाले, "आपल्या प्रभूनंही हेच केलं बघ. मरणाची पहिली फेरी स्वतः मारली, तिसऱ्या दिवशी परत येऊन सांगितलं, दोर पक्का आहे. मला वर जायची भीती कसली? पण या गल्लीत अजून किती लिफ्ट बंद पडल्यात! काम अर्धं टाकून पळून आलो, हे तुझ्या आईला कुठल्या तोंडानं सांगू? दारातच उभं करेल ती मला."

मग गाणंबाई खाली उतरल्या. रस्त्यावर त्यांनी खुर्ची उन्हाकडे वळवून घेतली आणि आईचं आवडतं स्तोत्र असं खणखणीत म्हटलं, की समोरच्या चांभाराची हातोडी थांबली. बाबा हत्यारांच्या पेटीवर ठेका धरून होते.

परत येताना लिफ्टमध्येच म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव."

ऑपरेशन १८ तारखेला आहे. धोका डॉक्टरांनी लपवलेला नाही, मीही लपवत नाही. बाबा डोळे उघडतील ते आपल्याजवळ, नाहीतर आईजवळ. दोन्हीकडे त्यांचं स्वागतच आहे. पण इकडची तयारी आपल्या हातात आहे. रक्ताच्या बाटल्या लागणार. माझी देऊन झाली. रविवारी, १७ तारखेला सकाळी पोटभर खाऊन दोघेही दवाखान्यात या, बाह्या वर करा आणि रक्त द्या.

मग घरी या. जिना चढू नका.

दोन्ही घरांची ओढ असलेली,
तुमची ताई