आत्याबाईंच्या पाण्याची व्यवस्था

मी, सिसिलिया, कैलासवासी म्हणावे की ख्रिस्तवासी यावरून दोन्ही घरांत वाद असलेल्या मार्तंड औंढेकर यांची विधवा, राहणार हिंगोली, जिल्हा परभणी, निजाम इलाखा, वय अंदाजे एक्कावन्न (दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरीची जन्मतारीख कोण लिहून ठेवतो), पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. परवाच्या गाडीने मला पोटातली गाठ कापून घ्यायला जायचे आहे. परत येशील, असे डॉक्टरीणबाई काही म्हणाल्या नाहीत.

मला मूलबाळ नाही. घरात मी आणि माझ्या सासूबाई चतुराबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, अशा दोघी. त्यांचे डोळे गेले आहेत. माझ्यामागे त्यांना पाणी कोण देईल, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे.

कलम १. दोन खोल्या, पडवी आणि परसातली विहीर असे हे घर यजमानांनी तहशील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, असताना पगारातून बांधले. त्यावर भाऊबंदांचा हक्क नाही. यजमान औंढ्याच्या गुरवांच्या घरातले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आत्याबाईंनी जिवंत मुलाच्या नावाने आंघोळ केली. पुढे मानमोडीच्या तापाच्या साथीत ते खरोखर गेले. मी निरोप पाठवला, तर उलट निरोप आला, "माझं सुतक कवाच फिटलं."

त्याच आत्याबाईंना, डोळे गेल्यावर, त्यांचा पुतण्या व्यंकटराव शिरड शहापूरहून बैलगाडीत घालून घेऊन आला. "वहिनी, चार दिवस ठेवून घ्या, घरात बाळंतपण हाय," म्हणाला. त्याला बारा वर्षे होतील. मधे तो एकदाच आला, ते पडवी पावलांनी मोजायला.

आत्याबाई माझ्या हातचे पाणी घेत नाहीत. आल्या दिवशीच त्यांनी विचारले, "ही किरिस्तावीन कुठं हाय? माझ्या घागरीपासून लांब राहा म्हनावं." शेजारच्या गोजरबाई, हट्टा गावच्या लेक, विधवा, तेव्हापासून त्यांची घागर भरतात, भाकरी करून वाढतात. बाकीचे, म्हणजे अंग पुसणे, लुगडी धुणे, रात्री उठवणे, हे माझ्याकडे. त्याला त्यांची हरकत नाही. "घाण काढायला जात लागत न्हाई," असे त्या म्हणतात. तेव्हा मी रागाने चूल फुंकत बसते.

हे घर मी गोजरबाईंना देते. अट एकच, की आत्याबाई जिवंत आहेत तोवर त्यांची घागर गोजरबाईंनी स्वतः भरावी आणि आज मी करते ती कामेही करावीत. व्यंकटराव त्यांना औंढ्याच्या देवळाच्या पायरीवर बसवील, हे मला ठाऊक आहे. तसे त्याने तोंडाने बोलूनही दाखवले आहे.

कलम २. गोजरबाई कधी अडकल्या तर काय करावे, हे लिहिणे भाग आहे. गेल्या वैशाखात त्या लेकीच्या बाळंतपणाला हट्ट्याला गेल्या, ताप आला आणि तिकडेच राहिल्या. घागर संपली. शेजारी सगळे लग्नाला गेलेले. आत्याबाईंचे ओठ फुटले.

मी विहिरीवरून तांब्या भरून आणला आणि उंबऱ्यात उभी राहिले. गोजरबाईंसारखे "घ्या आत्या" म्हणायचे, बस्स. आंधळ्या माणसाला काय कळणार होते? पण लहानपणी कॉन्व्हेंटात मदर अ‍ॅग्नेस आम्हाला रस्त्याकडेच्या आंधळ्याची गोष्ट सांगत. तो ओरडतो, लोक त्याला गप्प बसवतात, आणि प्रभू थांबून आधी त्यालाच विचारतो, तुला काय हवे? डोळ्यांच्या जागी खोबणी असलेल्या माणसाला काय हवे हे दिसत नव्हते का? तरी विचारले. न विचारता काही दिले नाही.

मी म्हणाले, "आत्याबाई, मी आहे. पाणी माझ्या हातचं आहे. घेता का?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

मग मी भर उन्हात रस्त्यावर जाऊन उभी राहिले. लालसिंग गाडीवान दिसला, त्याला हाताला धरून आणले. तो म्हणाला, "माय, तुमच्या हाताला काटे हायेत का? चार पावलांवरून पानी द्यायला मला काहून बोलावता?" आतून आवाज आला, "कोन हाय? जात सांग आधी."

"रजपूत, आजी. आता पिता, का बैलाला पाजू?"

त्या प्यायल्या. मी परसात जाऊन रडले. त्यांची दया येऊन नव्हे. आम्ही दोघी एकाच दाव्याला बांधल्या आहोत आणि ते तोडता येत नाही, म्हणून.

तेव्हा गोजरबाई नसतील त्या दिवशी लालसिंगला बोलवावे. त्याच्या बैलांना कडबा माझ्या पैशांतून द्यावा.

कलम ३. आत्याबाई शेवटच्या घटकेला बेशुद्ध असताना त्यांच्या कपाळावर बाप्तिस्म्याचे पाणी ओतावे, असे मला एका भल्या सिस्टरने सुचवले होते. कोणी तसे करू नये. मी माझ्या प्रभूला पूर्ण मनाने मानते, म्हणूनच मना करते. त्यांना कयाधू नदीच्या काठी त्यांच्या रीतीने अग्नी द्यावा. सिस्टरांकडे माझी जी शिल्लक ठेवली आहे ती यासाठी आणि आत्याबाईंच्या दुधासाठी आहे.

कलम ४. शिवणयंत्र माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या ताराला. तिचे हात सरळ चालतात, तोंड मात्र सारखे चालते. दोन्ही तसेच राहोत.

कलम ५. पत्र्याची ट्रंक. सिस्टरांनी महारोग्यांसाठी घर काढले तेव्हा मला बोलावले होते. ही ट्रंक मी कितीदा तरी भरली आणि आतून हाक आली की रिकामी केली. गोष्टीतला तो आंधळा दिसू लागताच प्रभूच्या मागे वाटेने चालू लागला. मला त्याचा हेवा वाटे. माझ्या दारावरून कळमनुरीचा रस्ता जातो. मी तो फक्त पाहिला. प्रभूच्या मागे जाणारीला एकाच खोलीत फिरत राहावे लागेल, हे मदरनी सांगितले नव्हते. आजही मी हे आनंदाने स्वीकारले आहे असे लिहिले तर ते खोटे होईल. ट्रंक महारोग्यांच्या घरी पाठवावी.

कलम ६. व्यंकटरावाला काही नाही. त्याच्यावरचा राग मी सोडला आहे. पुन्हा पडवी मोजायला आला तर सोडलेला परत धरीन.

हे सर्व मी आत्याबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. त्या सकाळपासून विचारत होत्या, "काय खरडून राहिलीस?"

"मृत्युपत्र, आत्याबाई."

"कुनाचं? माझं?"

"माझं."

"मी हाय की अजून. तुला काहून घाई?"

तिसरे कलम त्यांनी दोनदा वाचायला लावले. मी पुढचे वाचू लागले तर माझा आवाज बसला. त्यांनी मान वळवली, माझ्याकडे नव्हे, गोजरबाई उभ्या होत्या तिकडे.

"गोजर, माझ्या घागरीतलं पानी दे हिला. सकाळपासून घसा कोरडा करून राहिली."

मी प्यायले. नंतर खाली सही केली.

सिसिलिया मार्तंड औंढेकर

ही सही आमच्या समोर, बाईंनी स्वतः वाचून झाल्यावर केली. आमचा यात काही लाभ नाही.
साक्षीदार: हरिचंद, शाळामास्तर (सही)
साक्षीदार: संतराम, शेजारी (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम हिंगोली, तारीख २३ नोव्हेंबर १९३९