हरणीच्या मेंदूतला आरएनए

८ एप्रिल, मंगळवार

हरणी म्हशीनं खुंटा उपटला! सकाळपासून वैरणीला तोंड नाही, लाळ गळतेय, आवाज घोगरा. "घशात कायतरी अडकलंय," आबा म्हणाले. धाकट्या भावानं, यशराजनं जबडा ताणून धरला आणि आबांनी कोपरापर्यंत हात आत घातला. अडकलेलं काहीच नव्हतं. तिनं दाढेखाली दोन बोटं चिरडली. आबांनी हात बादलीत बुचकळला, हळद दाबली आणि संध्याकाळी बाकीच्या तीन म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर गेले. नेहमीसारखे! परवापर्यंत हरणीचीही धार तिथंच निघत होती. लोक ग्लास घेऊन उभे असतात, कासेतलं दूध तसंच कच्चं, कोमट पितात.

मी कॉलेजातली बॅच संपवून आले तोवर हे सगळं उरकलं होतं. शिमग्याच्या आसपास हरणीच्या पायाला कुत्रं चावलं होतं. मला आठवलं. घरात कुणाला आठवायचंच नव्हतं.

९ एप्रिल

तिनं स्वतःच्या रेडकाला भिंतीशी दाबून मारलं. फासळ्या मोडताना आवाज झाला, तो स्वयंपाकघरात आला. मग डोकं आपटत राहिली. एक शिंग मुळातून तुटून लोंबतंय, डोळ्यात रक्त, तरी धडका थांबत नाहीत. आई कानांवर हात ठेवून बसलीय.

जनावरांच्या डॉक्टर प्रियदर्शनी दारातूनच म्हणाल्या, "कुणीही आत जायचं न्हाय. पिसाळलीय ही."

आबा त्यांच्यावरच ओरडले. "हळू बोला की! गल्ली ऐकतीया."

१० एप्रिल

पहाटे मेली. डॉक्टरांच्या मदतनिसानं कुऱ्हाडीनं कवटी फोडली. चौथ्या घावाला फुटली. मेंदूचा बोटाएवढा तुकडा बाटलीत, बाटली बर्फाच्या डब्यात. डॉक्टर यशराजला म्हणाल्या, "दुपारच्या गाडीनं पुण्याला गेलाच पायजे. बर्फ इतळू देऊ नकोस. ह्यात विषाणूचा आरएनए शोधत्यात. तो लई नाजूक असतोय."

आबांना मी दंड धरून सरकारी दवाखान्यात नेलं. रेबीजची लस घेतली. पण लस लागू होईपर्यंत विषाणूला अडवणारं सीरम बोटांच्या जखमेत टोचायचं म्हटल्यावर उठलेच. "जखमंत सुई? ह्याट्!" नर्सचा हात झिडकारून बाहेर. पुढच्या लसी तेरा आणि सतरा एप्रिल, मग आठ मे. कार्ड माझ्याकडं द्या म्हटलं, तर खिशात कोंबलं.

१२ एप्रिल

बारावीच्या बॅचला आज आरएनए शिकवायचा होता. फळ्याकडं तोंड करून शिकवला, कारण चेहरा जागेवर नव्हता.

डीएनए केंद्रकातून बाहेर पडत नाही. हवा तेवढाच मजकूर आरएनएवर उतरतो, आरएनए तो घेऊन बाहेर जातो, रायबोसोम वाचतो आणि प्रथिन बांधतो. अमिनो आम्लं ओढून आणणारा आरएनएच, रायबोसोमही निम्म्याहून जास्त आरएनएचाच. काम संपलं की पेशी ती चिठ्ठी फाडून टाकते. फाडलीच पाहिजे, नाहीतर कालचा हुकूम आजही चालू राहील.

आणि रेबीजकडं तर डीएनए नाहीच! नुसता आरएनए, त्यात पाच जनुकं. पेशीत शिरतो, स्वतःच्या चिठ्ठ्या काढतो, आणि पेशी मुकाट्यानं त्याचंच पीठ दळत बसते. हरणीकडं वीस हजारांवर जनुकं होती. पाचांनी तिला लोळवलं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पेशीला कळत न्हाय का, कुणाचं काम करतोय ते?" नाही कळत, म्हटलं.

१३ एप्रिल

आबांची दुसरी लस आज. मी नेणार होते. कसली नेते!

संध्याकाळी कट्ट्यावर गेले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं — आमची म्हैस पिसाळून मेली, दुधातून धोका कमी आहे, पण ज्यांनी तिचं कच्चं दूध प्यायलं त्यांनी दवाखान्यात जा. मग रिक्षावाल्या जोतीरामनं आबांची गचांडी धरली. "माझ्या दोन वर्साच्या नातवाला पाजलंस रं, भाड्या!" दुधाच्या किटल्या उधळल्या. यशराज मध्ये पडला, तर त्याच्या तोंडावर किटलीच हाणली. दोन दात दुधात पडले.

गर्दी पांगल्यावर आबांनी मला कानफटात दिली. अजून कान वाजतोय. "बापाच्या पोटावर पाय दिलास!"

मारलं याचं दुःख नाही. ते तसेच म्हशी सोडवून घरी निघाले, दवाखान्याकडं नाही, याचं आहे.

१४ एप्रिल

आबांशी बोलणार नाही. बास!

१७ एप्रिल

रिपोर्ट आबांच्या मोबाइलवर आला. 'विषाणूचा आरएनए आढळला नाही.' आबा तो मोबाइल मशाल नाचवावी तसा गल्लीभर घेऊन फिरले. "बगा! हाय का काय?" जोतीराम हात जोडून माफी मागून गेला. "उगंच सुया टोचून घेटल्या," म्हणाला.

मला खरं वाटेना. यशराजला गोठ्यात गाठलं, मानगूट धरून हलवलं, तेव्हा बोलला. डबा दहा तारखेला गेलाच नव्हता. "आबा म्हणलं, दिवसाउजेडी नेऊ नकोस, लोक इचारतील. कडब्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी नेला. बर्फाचं पाणी झालतं, ताई." एप्रिलच्या उन्हात, पत्र्याखाली! आरएनएचे तुकडे झाले असणार. मी किंचाळलेच. न सापडणं म्हणजे नसणं नव्हे!

यशराजनं माझं म्हणणं आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "सरकारपरीस शाणी झालीया व्हय ती?"

बॅग भरली. जयसिंगपूरला मैत्रिणीकडं, क्रांतीकडं राहायला आले. इथूनही कॉलेजला शिकवायला जाता येतं.

१८ एप्रिल

गिऱ्हाइकांची यादी यशराजकडून घेतली. सत्तावीस घरं. एकेकाला फोन: रिपोर्टवर जाऊ नका, लसी पूर्ण करा. अर्ध्यांनी शिव्या दिल्या. दिल्या तर दिल्या! परत फोन लावला.

२६ एप्रिल

जोतीरामच्या बायकोला चौथ्यांदा फोन. "अगं बाई, जातो म्हणलं न्हवं!" नातवाला पुढच्या लसीला घेऊन गेले एकदाचे.

१७ मे

सत्ताविसांपैकी सत्तावीस पूर्ण. यशराजनंही सगळ्या घेतल्या. आईचा फोन होता. म्हणाली, आबांनीही घेतल्या म्हणे. "इचारलं की अंगावर येत्यात. तू बोल की एकदा."

त्यांनी आधी बोलावं. कान माझा फुटला होता.

२३ मे

यशराजचा फोन. आबांची बोटं चार दिवस मुंग्या आल्यासारखी सळसळतायत, रात्री झोप नाही. आज सकाळी आईनं तोंड धुवायला पाण्याचा तांब्या पुढं केला, तर मान ताठ झाली, गळा आवळून आल्यासारखे ओरडले आणि आईच्या मनगटाला कडकडून चावले. चौघांनी दोरीनं बांधून गाडीत घातलं. आईला आत्ताच्या आत्ता लस आणि सीरम दे, म्हटलं.

आबांच्या खिशातलं कार्ड यशराजनं वाचून दाखवलं, त्यावर दहा एप्रिल ही एकच तारीख आहे. सत्तावीस घरांना फोन केले मी. आमच्या घरी एक केला नाही.